वैशाखाच्या उन्हात रेडिएशनचे २० दिवस: घर, प्रवास आणि नातू कसे सांभाळावे?

बोरीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका गावात राहते आणि माझे वय ४९ आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस डाव्या स्तनात गाठ असल्याचे निदान झाले. स्तन न काढता गाठ आणि काखेतील काही ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर केमोचे ८ डोस पूर्ण झाले. आता रेडिएशन सुरू होणार आहे. डॉक्टरांनी १५ सिटिंग आणि त्यानंतर गाठीच्या जागेवर ५ जादा सिटिंग सांगितल्या आहेत, म्हणजे सोमवार ते शुक्रवार असे चार आठवडे रोज जायचे आहे. रुग्णालय आमच्या गावापासून एसटीने दीड तासावर आहे.

उपचाराबद्दल डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले आणि त्याची मला फारशी भीती वाटत नाही. मला विचारायचे आहे ते उरलेल्या दिवसाबद्दल. ऐन चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारच्या एसटीत बसून येताना छातीची कातडी कशी सांभाळायची? अंघोळ रोज करता येते का? आमचा स्वयंपाक अर्धा गॅसवर आणि अर्धा चुलीवर असतो, आणि याच दिवसांत बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) घाटा शिजवून वर्षभराचे वाळवण घातले जाते. आजवर ते सगळे मीच करत आले आहे. सासूबाई वयाने ७५ च्या पुढे आहेत. त्या म्हणतात, "माय, तू बठ, मी करस." पण त्यांना चुलीपुढे बसवून आपण नुसते पाहत राहावे, हे मला जमणारे नाही.

आणखी एक गोष्ट मनाला फार लागली आहे. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माझी मुलगी धरणगावहून माहेरी येणार आहे आणि तिचे बाळ ८ महिन्यांचे आहे. आमच्याकडे रेडिएशनला कोणी शेक म्हणतात, तर कोणी लाईट म्हणतात. गल्लीतील एका बाईने मुलीला फोन करून सांगितले की आईला लाईट चालू असेपर्यंत बाळाला तिच्याजवळ देऊ नकोस, तिच्या अंगातून किरणे बाहेर येतात. मुलीने मला तसे स्पष्ट सांगितले नाही, पण "आई, या वर्षी अखाजीला येऊ की नंतर येऊ?" असे तिने विचारले, तेव्हा मी काय ते समजले. केमोच्या काळात संसर्गाच्या भीतीने मी त्या बाळाला चार महिने दुरूनच पाहिले आहे. आता तरी मला त्याला मांडीवर घेता येईल का?

केमोनंतर डोक्यावर बोटभर केस आले आहेत, ते पुन्हा जातील का, हेही कोणी सांगावे. ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी आपला दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जात असे ते लिहिले, तर माझ्यासारखीला फार आधार होईल.

यावलकर वहिनी

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि तीन वर्षांपूर्वीचा माझा वैशाख डोळ्यांसमोर उभा राहिला. माझीही डावी बाजू होती आणि माझ्याही १५ अधिक ५ अशाच सिटिंग झाल्या. मी डॉक्टर नाही. जे लिहिते ते माझ्या अनुभवाचे आणि मला तेथे सांगितले गेले त्याचे आहे, म्हणून प्रत्येक गोष्ट तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारूनच करा.

सर्वांत आधी बाळाचे सांगते. बाळाला मांडीवर घ्या, त्याचे मुके घ्या, त्याला शेजारी घेऊन झोपा. मशीन बंद झाले की किरणे संपली. अंगात काहीही उरत नाही. माझ्या जावेचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता आणि तो माझ्याच ताटात जेवत असे. काळजी घ्यायची ती बाळासाठी नाही, तुमच्या स्वतःसाठी घ्यायची आहे. ८ महिन्यांचे मूल पाय झाडते आणि ब्लाऊज मुठीत धरून ओढते. शेवटच्या आठवड्यात कातडी हुळहुळी झालेली असताना ते फार दुखते. त्यासाठी त्याला उजव्या खांद्यावर घ्या आणि कोणी तरी ते हातात आणून दिले तर जास्त बरे, कारण खाली वाकून डाव्या हाताने उचलताना काखेत ओढ बसते. केसांचीही चिंता सोडा. किरणे जेथे पडतात तेथलेच केस जातात. काखेतील माझे केस विरळ झाले, डोक्यावरचे मात्र त्याच महिन्यात भराभर वाढले.

आता दिवसाबद्दल. पहिल्या दिवशीच वेळ मागून घ्या. मला आधी दुपारी साडेबाराची वेळ दिली होती आणि मी संकोचाने होकार दिला. तीन दिवस भर उन्हात स्टँडवर उभी राहिल्यावर चौथ्या दिवशी मी तेथील सिस्टरना सांगितले की मी खेड्यावरून एसटीने येते, मला सकाळची वेळ मिळाली तर उपकार होतील. त्यांनी दोनच दिवसांत साडेआठची वेळ दिली. साडेदहा-अकराला मी घरी परतलेली असे आणि ऊन चढायच्या आत पाठ टेकत असे. त्या एका बदलाने माझे अर्धे दुखणे हलके झाले, म्हणून हे मागायला मुळीच संकोच करू नका. एसटीत सावलीकडची खिडकी धरायची आणि पदर गळ्यापर्यंत घ्यायचा. गळ्याच्या हाडाभोवती किरणे मिळत असतील तर तो भाग ब्लाऊजबाहेर राहतो आणि त्याला ऊन थेट लागते. माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली, एक केळे, गूळ-शेंगदाणे आणि एक मऊ नॅपकीन कायम असे.

कपड्यांकडे मी आधी लक्ष दिले नाही आणि त्याचा त्रास सोसला. स्तनाच्या खालची घडी आणि काख या दोन जागा अशा आहेत की तेथे कातडीवर कातडी घासते, घाम साचतो आणि सर्वांत आधी लाल होते. माझ्या नेहमीच्या ब्लाऊजची शिवण नेमकी तेथेच लागत असे. शेवटी माझ्या सासूबाईंनी त्यांचे जुने, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले सुती लुगडे फाडले आणि त्याचे सैल, बिनबाहीचे, पुढे बंदांनी बांधायचे तीन झंपर शिवून दिले. त्याच लुगड्याच्या एका तुकड्याची घडी करून मी रात्री स्तनाखाली ठेवत असे, म्हणजे घाम त्यात टिपला जाई आणि दोन भाग एकमेकांना चिकटत नसत. ब्रा मी दुसऱ्या आठवड्यापासून बंद केली. विकतच्या महागड्या कपड्यांनी जे साधले नाही ते त्या लुगड्याने साधले.

मंगळसूत्राचेही सांगितले पाहिजे. सिटिंगच्या वेळी ते काढावेच लागते. पण तिसऱ्या आठवड्यात काळे मणी छातीवर घासून तेथे आग होऊ लागली, तेव्हा ते दिवसभर गळ्यात ठेवणेही नकोसे झाले. घरात काय म्हणतील या विचाराने मी दोन दिवस तशीच सोसत राहिले. शेवटी सासूबाईंनीच माझा हात बाजूला करून मानेमागची कडी सोडली, ते रुमालात गुंडाळले आणि देवघरात ठेवून म्हणाल्या की जीव राहिला तर मणी पुन्हा घालता येतात. ताई, तुमच्या गळ्यातही मणी टोचत असतील तर दोन दिवस वाट पाहू नका.

अंघोळ मी रोज केली. पाणी कोमट घ्यायचे, तांब्याने खांद्यावरून हळू सोडायचे, त्या जागी हात किंवा घासणी फिरवायची नाही, आणि पुसताना घासायचे नाही, फक्त टिपायचे. साबण त्या जागी अजिबात लावू नका, असे मला सांगितले होते. पेनाने काढलेल्या खुणा असतील तर त्या जपाव्या लागतात. माझ्या खुणांवर पारदर्शक पट्ट्या होत्या; एक पट्टी घामाने सुटली तेव्हा मी मनानेच पेनाने खूण गडद करायला निघाले होते, पण मुलाने थांबवले. तसे कधीही करू नका, तसेच जा आणि त्यांना सांगा.

चुलीबद्दल मात्र मी थोडे कठोरपणे सांगते. भाकरी गॅसवर उभ्याने करा, तीही पहिले दोन आठवडे. बिबड्यांचा घाटा या वर्षी तुम्ही हलवू नका. एक तर चुलीची धग थेट छातीवर येते आणि आधीच तापलेली कातडी अजून भाजते. दुसरे म्हणजे तो घट्ट घाटा हलवायला जी ताकद लागते ती ज्या हाताच्या काखेतील ग्रंथी काढल्या आहेत त्या हातावर पडते. शेजारच्या दोघी-तिघींना बोलवा, सासूबाईंना बाजेवर बसून सांगू द्या आणि तुम्ही सावलीत बसून बिबडे मोजा. आमच्याकडे त्या वर्षी बिबडे जाऊबाईंच्या हातचे झाले. थोडे जाड झाले, पण सगळ्यांनी वर्षभर खाल्ले.

थकव्याचे कोणी मला आधी सांगितले नव्हते. केमोचा थकवा आदळतो, तसा हा नसतो. पहिला आठवडा संपला तेव्हा मला वाटले की मला काहीच होत नाही. तिसऱ्या आठवड्यात कणीक मळता मळता हात थांबले आणि परात पुढे ठेवून मी तशीच बसून राहिले. झोप येत नव्हती, दुखत नव्हते, नुसते अंगातले बळ ओसरले होते. त्यानंतर मी दुपारी १ ते ३ कुलरपुढे पडून राहण्याचा नेम केला आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊ लागले. सारा दिवस पडून राहिल्याने थकवा वाढतो आणि थोडे चालल्याने कमी होतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

शेवटची सिटिंग झाली त्या दिवशी घरात सगळ्यांना वाटले की आता ही मोकळी झाली. माझी कातडी मात्र त्यानंतरच्या आठवड्यात सर्वांत जास्त लाल आणि काळपट झाली आणि घडीत थोडी सोलवटली. सुमारे महिनाभराने ती भरून आली. म्हणून उपचार संपल्यावरचे पंधरा दिवसही याच हिशेबात धरा आणि लगेच कोणाच्या लग्नाला उभे राहायचे कबूल करू नका.

लिनॅक कक्ष

मी मूळचा धुळ्याचा आहे आणि गेली ११ वर्षे रेडिएशन विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. यावलकर वहिनींनी जे लिहिले आहे त्यात फारसे दुरुस्त करण्यासारखे नाही. एका ठिकाणी थोडे वेगळे सांगतो. सौम्य, बिनवासाचा साबण पाण्यात फेसाळून हलकेच लावला आणि धुऊन टाकला तर बहुतेक केंद्रांत आता त्याला हरकत घेत नाहीत. आमच्याकडच्या उन्हाळ्यात घाम आणि मळ साचून राहिला तर कातडीला त्याचाच जास्त त्रास होतो. तरीही तुमच्या केंद्राने साबण नको म्हटले असेल तर त्यांचेच ऐका, कारण तुमची कातडी रोज ते पाहणार आहेत.

गल्लीतील बाईंनी जे सांगितले त्याचे कारण मला कळते. काही वेगळ्या उपचारांत किरणोत्सारी औषध शरीरात दिले जाते आणि तेव्हा काही दिवस लहान मुलांपासून दूर राहायला सांगतात. थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये दिले जाणारे आयोडीन हे त्याचे उदाहरण आहे. त्यावरून लोकांचा समज होतो की प्रत्येक रेडिएशन तसेच असते. स्तनासाठी बाहेरून दिले जाणारे रेडिएशन लिनॅक नावाच्या यंत्रातून येते. ते यंत्र विजेच्या साहाय्याने क्ष-किरण तयार करते आणि बटण बंद होताच किरण तयार होणे थांबते, जसा दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही. तुम्ही खोलीतून बाहेर येता तेव्हा तुमच्या अंगात, कपड्यांत, घामात काहीही नसते. मुलीला हा प्रतिसाद वाचून दाखवा, किंवा शक्य असेल तर एका सिटिंगला सोबत घेऊन या आणि तिला जे विचारायचे ते तेथेच विचारू द्या.

पहिल्या दिवशी उपचार होत नाही, तयारी होते. तुम्हाला एका तिरक्या फळीवर निजवून दोन्ही हात डोक्याच्या वर घ्यायला सांगतील आणि त्याच स्थितीत सीटी स्कॅन काढतील. पुढच्या प्रत्येक दिवशी मिलिमीटरच्या हिशेबाने तीच स्थिती पुन्हा आणावी लागते. त्यासाठी कातडीवर पेनाच्या खुणा किंवा सुईच्या टोकाएवढे कायमचे ठिपके करतात. अनेक बायका या दिवशी रडतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा हात वर जात नाही हे असते. शस्त्रक्रियेनंतर काख आखडलेली असते आणि हात तसाच धरून १५-२० मिनिटे पडून राहणे कठीण जाते. तुमच्याकडे अजून काही दिवस असतील तर आजपासून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा आणि बोटे भिंतीवरून मुंगीसारखी चढवत न्या. जेथे ओढ बसेल तेथे थांबा आणि हळूहळू खाली आणा. दिवसातून तीन-चार वेळा करा. उपचार चालू असताना आणि नंतरचे कित्येक महिनेही हा व्यायाम सोडू नका, कारण किरणांनीही ती जागा आखडत जाते.

तुमची बाजू डावी आहे, म्हणून कदाचित तुम्हाला खोल श्वास घेऊन सुमारे २० सेकंद रोखायला शिकवतील. छातीत हवा भरली की हृदय छातीच्या भिंतीपासून थोडे मागे आणि खाली सरकते आणि किरणांच्या वाटेतून बाजूला राहते. सगळ्याच केंद्रांत ही सोय नसते आणि सगळ्यांनाच तिची गरजही नसते. पण असेल तर घरी सराव करून या, म्हणजे पहिल्या दिवशी घाबरून श्वास सुटत नाही. खोलीत तुम्ही एकट्या असाल, पण आम्ही कॅमेऱ्यातून पाहत असतो आणि बोललेले ऐकू येते. सगळे मिळून १०-१५ मिनिटे लागतात आणि किरण प्रत्यक्षात काही मिनिटेच पडतात. त्या वेळी काहीही जाणवत नाही. शेक हा शब्द वापरला की लोकांना चटका बसेल असे वाटते, म्हणून मी मुद्दाम सांगतो की तेथे ऊबसुद्धा लागत नाही.

१५ सिटिंग कमी वाटून काही जण शंका घेतात, कारण त्यांच्या ओळखीत कोणाला तरी २५ दिल्या होत्या. पूर्वी ५० ग्रे एवढी मात्रा २५ सिटिंगमध्ये देत असत. ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचण्यांत ४० ग्रे १५ सिटिंगमध्ये देऊनही रोगावर तेवढेच नियंत्रण राहिले आणि कातडीचा त्रास वाढला नाही, म्हणून ही पद्धत आता जगभर रूढ आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका ब्रिटिश चाचणीनंतर निवडक रुग्णांना २६ ग्रे केवळ ५ सिटिंगमध्येही देतात. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी जे ठरवले आहे ते अपुरे नाही.

सिटिंग चुकवू नका. शनिवार-रविवारची सुटी हिशेबात धरलेली असते. त्या दोन दिवसांत निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. मधेच लग्न, तेरावे किंवा थकवा म्हणून स्वतःहून तीन-चार दिवस सोडले तर तोच वेळ उरलेल्या रोगपेशींनाही मिळतो. यंत्र बिघडले किंवा सणाची सुटी आली तर ती सिटिंग पुढे जोडली जाते, त्याची काळजी करू नका.

सातपुड्याच्या पायथ्याशी

आमच्या आईची २५ सिटिंग चालू आहेत, तिचा पूर्ण स्तन काढलेला आहे. १८ व्या सिटिंगनंतर काखेत कातडी सोलून पाणी सुटू लागले आहे. घरात कोणी हळद आणि लोणी लावा म्हणते, तर कोणी अंगणातली कोरफड कापून लावा म्हणते. माझे मन होत नाही, पण आईला आग सहन होत नाही. काय करावे?

लिनॅक कक्ष

आज लगेच केंद्रात दाखवा, पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. सोललेल्या, ओल्या कातडीवर हळद, लोणी, घरची कोरफड, टूथपेस्ट, पावडर, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. जंतुसंसर्ग होतो आणि मग खरोखरच उपचार थांबवावे लागतात. अशा जागेसाठी न चिकटणारे ड्रेसिंग असते आणि ते व्यवस्थित केले तर आग त्याच दिवशी कमी होते. तोवर हात कमरेवर ठेवून काख मोकळी राहू द्या. चिकटपट्टी कातडीवर लावू नका, ती काढताना अजून सोलते. ताप आला, पू किंवा वास आला तर रात्र असली तरी फोन करा.

पांझराकाठ

मी पती म्हणून लिहितो आहे. आमच्या घरी हे दीड वर्षापूर्वी झाले. आम्ही नाशिकला माझ्या मावसभावाकडे पाच आठवडे राहिलो, कारण रोज धुळ्याहून जाणे-येणे शक्य नव्हते.

बोरीकाठ ताई, तुमच्या प्रश्नात यजमानांचा उल्लेख नाही. शेतीचे दिवस आहेत आणि ते केळी-कपाशीत अडकलेले असतील हे मी समजू शकतो, पण हे त्यांनाही वाचायला द्या. पहिले आठ दिवस मी मशीनच्या खोलीबाहेर बाकावर नुसता बसून राहत असे आणि मला वाटे की सोबत येणे एवढेच माझे काम आहे. घरी आल्यावर ही नेहमीप्रमाणे पाहुण्या घरातल्या भांड्यांना हात लावायला जाई, आणि मी पाहत असे. एका संध्याकाळी तिने पाण्याचा हंडा उचलायला डावा हात घातला, आणि तो अर्ध्यावर खाली ठेवून ती काही न बोलता आत गेली. त्या दिवसापासून पाणी भरणे, बाजार करणे, कपडे पिळून वाळत घालणे ही कामे मी घेतली. त्यात माझे काहीच कमी झाले नाही. तिने कधी मागितले नसते.

त्या हाताचे एक शेतकरी म्हणून सांगतो. काखेतील ग्रंथी काढलेल्या हाताला लहान जखमही जड जाते. जखम चिघळली तर हात सुजतो आणि ती सूज पुढे टिकून राहू शकते. कपाशी वेचताना बोंडाच्या टोकदार कडांनी बोटे ओरबाडतात, हे आपल्याकडे कोणी जखम म्हणून मोजतसुद्धा नाही. पुढच्या हंगामात ताईंना वेचणीला पाठवायचे असेल तर हातमोजे घालूनच पाठवा, आणि ओरखडा उठला तर लगेच धुऊन औषध लावा. विळ्यावर भाजी चिरतानाही तेच. रक्त काढणे, इंजेक्शन आणि ब्लडप्रेशर मोजणे यांसाठी आमच्या डॉक्टरांनी दुसरा हात पुढे करायला सांगितले आहे.

पैशांचे थोडक्यात लिहितो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशनचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, मात्र रुग्णालय त्या योजनेत असले पाहिजे. रेशनकार्ड, आधार आणि निदानाचे कागद घेऊन आधी तेथील आरोग्यमित्रांना भेटा आणि मंजुरी आल्यावरच तारीख पक्की करा; आमची तारीख एका कागदापायी सहा दिवस पुढे गेली होती. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहेच. रेल्वेने जाणाऱ्यांनी रुग्णालयातून कॅन्सर सवलतीचा अर्ज सही-शिक्क्यासह घ्यावा. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला भाडे लागत नाही आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. हे तिकीट खिडकीवरच काढावे लागते.

उपचार संपून दोन महिने झाल्यावर हिला कोरडा खोकला सुरू झाला. आम्ही धुळीचा समजून पंधरा दिवस घालवले. किरणांनी फुफ्फुसाच्या कडेला सूज आल्याने तो होता आणि गोळ्यांनी बरा झाला. संपल्यानंतरच्या काही महिन्यांत खोकला किंवा दम लागला तर रेडिएशन झाल्याचे डॉक्टरांना आधी सांगा, हे मी प्रत्येकाला सांगत असतो.

बोरीकाठ

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. तयारीचा स्कॅन परवा झाला आणि आज पहिली सिटिंग झाली, म्हणून लिहायला बसले आहे.

भिंतीचा व्यायाम नऊ दिवस केला होता, तरी स्कॅनच्या दिवशी हात शेवटी थरथरला. तेथील मुलीने कोपराखाली एक उशी दिली आणि मग निभावले. श्वास रोखायला शिकवले. पहिल्या वेळी १२ सेकंदांतच सुटला, तिसऱ्या वेळी पूर्ण जमला. छातीवर तीन ठिपके आहेत, ज्वारीच्या कण्याएवढेसुद्धा नाहीत. वेळ दुपारची दिली होती. यावलकर वहिनी, तुमचे आठवून मी तेथेच विनंती केली आणि पावणेनऊची वेळ मिळाली. साडेसहाची एसटी धरायची आहे.

यजमानांना पांझराकाठ भाऊंचे लिहिणे वाचायला दिले. त्यांनी वाचले आणि काही बोलले नाहीत. आज सकाळी मी उठले तेव्हा दोन्ही हंडे भरून झाकून ठेवलेले होते. सासूबाईंनी पेटीतून त्यांचे अंजिरी लुगडे काढले आहे. त्याची किनार काढून त्या कालपासून सुईदोरा घेऊन बसल्या आहेत आणि मशीनवर शिवून आणू म्हटले तर ऐकत नाहीत, शिवण टोचेल म्हणतात. बिबडे या वर्षी शेजारच्या दोघी करणार आहेत, मोजायचे काम माझ्याकडे आहे.

तंत्रज्ञ दादांचा प्रतिसाद मुलीला फोनवर वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प होती, मग रडली, आणि आता अखाजीच्या दोन दिवस आधीच येते म्हणाली. बाळाला कोणत्या खांद्यावर घ्यायचे तेही तिला सांगून ठेवले आहे. अखाजीच्या दिवशी मशीन चालू असते की सुटी असते, हे आज विचारायचे राहिले. उद्या विचारून येथे कळवते.